आईला समजलं होतं असं मानावं

ठोकळ्याने भिक्षुपण सोडलं. सकाळच्या वेळी, ओल्या बाथरूमच्या उंबऱ्यावर, एका वाक्यात आणि कुणाचाही सल्ला न घेता सोडलं. पुढे जाणकार मंडळींनी बसून ठरवलं की त्याने ते सोडलेलंच नाही. तेव्हा आपणही तसं काही झालंच नाही असं धरू, आणि जे झालंच नाही ते कसकसं झालं ते पाहू.

ठोकळा हे त्याचं घरातलं नाव. त्याचा चेहरा लहानपणापासूनच हलत नसे. दात पडला तेव्हा रडला नाही, नवा आला तेव्हा हसला नाही. वडील गेले तेव्हा आलेल्या माणसांनी त्याच्याकडे पाहून ‘मोठा धीराचा’ म्हटलं. त्यांनी वडिलांच्या गमती सांगितल्या तरी तो तसाच बसला, तेव्हा त्याच माणसांनी ‘जरा विचित्रच’ म्हटलं. भिक्षू व्हायच्या आधी तो लिफ्ट दुरुस्त करायचा. आत अडकलेल्या माणसांना बाहेरून शांत आवाजात सांगायचा, “घाबरू नका, पडायला अजून वेळ आहे.” हा विनोद होता. कंपनीकडे तक्रारी गेल्या.

मग त्याने डोकं मुंडून चीवर घेतलं, म्हणजे भिक्षूंचं ते तपकिरी वस्त्र, आणि चेहऱ्याचं सोनं झालं. समोर बसलेली माणसं त्या चेहऱ्याकडे पाहून समजू लागली की हा बराच पुढे गेलेला आहे. तो होता तिथेच होता.

विहार पहिल्या मजल्यावर होता, पूर्वीच्या दातांच्या दवाखान्यात. दवाखान्याची खुर्ची जमिनीत असे काही बोल्ट मारून बसवलेली होती की काढायची तर खालच्या दुकानदाराचं छत आलं असतं. म्हणून तिच्यावर कापड टाकलं आणि ती धर्मासन म्हणून वापरात आली. थोरले भन्ते गुडघ्यांमुळे खाली बसू शकत नव्हते, ते तिच्यावर बसत. पायाशी एक खटका होता. मैत्रीभावनेवर बोलता बोलता त्यांचा पाय त्याच्यावर पडला की ते सावकाश वर जात, आणि ऐकणारे माना वर करत करत ऐकत. कुणी हसत नसे. सवय झाली होती.

आई विसरायला लागली, त्याच सुमारास ठोकळ्याला काही वाटेनासं झालं. दुःख नाही, आनंद नाही, कंटाळासुद्धा धड येत नव्हता. थोरले भन्ते म्हणाले, “चित्त सम होतंय तुमचं. चांगलं आहे.” ठोकळ्याला मनातून वाटत होतं की दवाखान्याच्या भिंतींत भुलीचं औषध मुरलं असावं आणि ते आता हळूहळू बाहेर येत असावं. पण त्याने तसं म्हटलं असतं तर तो विनोद आहे की काय यावर चर्चा झाली असती, म्हणून तो फक्त “होय भन्ते” म्हणाला.

आई त्याच्या ताईकडे राहायची. ताई चष्म्याच्या दुकानात कामाला. गिऱ्हाईक यायच्या आत काचा घासून फ्रेममध्ये बसवून ठेवाव्या लागत, म्हणून ती सकाळीच निघे. भाऊजींची मोटार शिकवायची शाळा होती. शाळा म्हणजे एक गाडी, घरासमोरचा सरळ रस्ता आणि स्वतः भाऊजी. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून आयुष्य गेल्यामुळे त्यांच्या पायाखाली कायम ब्रेक असायचा. घरात कुणी जरा वेगाने बोललं तरी त्यांचा पाय फरशीवर दाबला जाई.

ताई निघाल्यापासून परत येईपर्यंत आईजवळ कुणीतरी बसायला हवं होतं, आणि ठोकळा रोज सकाळी भिक्षेला त्याच गल्लीत यायचा. आईवडिलांची सेवा करायला भिक्षूला मोकळीक आहे. त्यांना आपल्या भिक्षापात्रातलं अन्न देता येतं, औषध देता येतं. फक्त आईला हात लावता येत नाही. बाईमाणसाला शिवायचं नाही म्हणजे नाही, ती जन्मदात्री का असेना.

आता आईला उठवायचं, बसवायचं, चालवायचं, तेही हात न लावता, हे कसं जमावं? विहारात नियमांचे जाणकार एक भन्ते होते. सगळे त्यांना नियमवाले भन्तेच म्हणत. पूर्वाश्रमी ते विम्याचे दावे तपासायचे. अजूनही कुणी “डोकं दुखतंय” म्हणालं की “कधीपासून? तेव्हा शेजारी कोण होतं?” असं त्यांच्या तोंडून निघून जाई. त्यांनी नियमग्रंथांवर भाष्य लिहिणाऱ्या जुन्या टीकाकारांचा आधार काढून दिला. आई नदीत पडली, तर भिक्षूने काय करावं? हात द्यायचा नाही. वस्त्राचं टोक तिच्या बाजूला टाकायचं. तिने ते धरलं, तर ओढायचं. पण ओढताना ‘मी आईला ओढतोय’ असं मनात आणायचं नाही, ‘मी माझं वस्त्र ओढतोय’ असं आणायचं. वस्त्राला आई लागलेली असेल, तर ती लागलेली आहे.

“नदीच्या जागी बैठकीची खोली धरा,” नियमवाले म्हणाले.

तेव्हापासून टॉवेल आला. निळ्या पट्ट्यांचा टॉवेल, एक टोक आईच्या हातात, एक ठोकळ्याच्या. तो पुढे, ती मागे. पलंगापासून खुर्ची, खुर्चीपासून खिडकी, खिडकीपासून बाथरूमचं दार. बाईमाणसापाशी एकटं बसायचं नाही या नियमासाठी पुढचं दार सताड उघडं, आणि रस्त्यावरचे भाऊजी हे हाकेच्या अंतरावरचं पुरुषमाणूस. नियमवाल्यांनी एकदा येऊन, दारात उभं राहून, मध्यम आवाजात भाऊजींना हाक मारून खात्री करून घेतली होती. भाऊजींनी गाडीतून हात केला होता आणि शिकणाऱ्याने त्यामुळे गाडी गटारात घातली होती.

आईची ठोकळ्याबद्दल एकच तक्रार होती, ती आठवण शाबूत असल्यापासूनची. मुंडण तिला चाललं, वस्त्र चाललं, सून येणार नाही हेही तिने गिळलं. पण भिक्षू दुपारनंतर जेवत नाही हे तिच्या घशाखाली कधी उतरलं नाही. “अरे, उपाशीपोटी माणूस निर्वाणाला जाईल की दवाखान्यात?” असं ती म्हणायची. प्रत्येक भेटीत, निघताना, पदराला हात पुसत, “आज रात्रीचं जेवशील ना?” आणि तो म्हणायचा, “नाही, आई.” पुढे बाकी सगळं गेलं तरी हे वाक्य राहिलं. वीजमीटर बघायला आलेल्या माणसालाही ती विचारायची, रात्रीचं जेवशील ना. तो म्हणायचा, बघतो मावशी.

त्या सकाळी काय झालं, तर आई बाथरूमच्या दारापर्यंत टॉवेल धरून नीट आली आणि आत गेली. ठोकळा पाठ करून उभा राहिला. आतून आवाज आला. पडल्याचा नव्हे. खूप हळू घसरत जाऊन बसल्याचा, पोतं भिंतीला टेकून खाली सरकतं तसा. तो वळला. आई बादली आणि दार यांच्या मध्ये बसली होती, एक पाय अंगाखाली दुमडलेला, हाताला साबण. तोंडाने काही बोलत नव्हती. ओठ मात्र पांढरे पडत होते.

त्याने टॉवेल टाकला. तिने धरला नाही. टॉवेल तिच्या मांडीवर पडला, तिने त्याची घडी घालायला घेतली.

“भाऊजी!” त्याने हाक मारली. रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि भाऊजी ओरडत होते, “आरशात बघा, आरशात! मागे बघू नका, आरशात मागचं दिसतं!” त्याने पुन्हा हाक मारली. हॉर्न वाजला.

आईचा पाय अजून अंगाखालीच होता. तिने घडी पूर्ण केली आणि टॉवेल त्याच्याकडे परत धरला.

तेव्हा ठोकळ्याने ते वाक्य म्हटलं. भिक्षुपण सोडायला विधी लागत नाही, साक्षीदारांची रांग लागत नाही. ज्याला समजतं अशा कुणाही एका माणसासमोर, गंभीरपणे, आपण आता गृहस्थ आहोत एवढं सांगायचं, की माणूस गृहस्थ होतो. पुन्हा दीक्षा घेता येते, पण मागची सगळी ज्येष्ठता जाते. जेवणाच्या रांगेत अगदी शेवटी, कालच मुंडलेल्या पोरांच्याही मागे बसावं लागतं. हे सगळं त्याला पाठ होतं.

“आई,” तो म्हणाला, “मला गृहस्थ समज.”

आईने त्याच्याकडे पाहिलं.

“मग आता रात्रीचं जेवशील,” ती म्हणाली.

त्याने वाकून तिच्या काखेत हात घातले आणि तिला उचललं. ती अगदी हलकी होती, आणि एका कोपराला साबण असल्यामुळे दोनदा निसटली. त्याने तिला पलंगावर बसवलं, पाय सरळ केला, घोटा चोळला. वर्षानुवर्षांनी आईचा हात हातात घेतल्यावर माणसाला काय वाटतं, याकडे त्याने नीट लक्ष दिलं. काही वाटलं नाही. हात ओला होता.

चीवर चिंब भिजलं होतं, आणि तसंही आता ते त्याचं नव्हतं. दोरीवर भाऊजींचा शाळेचा टी-शर्ट आणि पायजमा वाळत होता. ते त्याने घातले. टी-शर्टच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘कृपया अंतर ठेवा’ असं छापलेलं होतं.

भाऊजी शिकणाऱ्याला घालवून आत आले आणि जागच्या जागी त्यांचा पाय फरशीवर दाबला गेला.

“हे काय? भन्ते म्हणू की मेहुणे म्हणू?”

“मेहुणे.”

“गंमत करताय?”

“नाही.”

भाऊजींनी चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, काही हाती लागेना. “बसा मग,” ते म्हणाले. इतकी वर्षं ते या पोराला नाइलाजाने वाकून वंदन करत आले होते. आता त्यांनी संधी साधून त्याच्या पाठीवर एक थाप मारली. बरोब्बर ‘अंतर’वर बसली.

ठोकळ्याचा बेत सोपा होता. जायचं, काय घडलं ते सांगायचं, उद्या परवा पुन्हा दीक्षा घ्यायची, रांगेच्या शेवटी बसायचं. भाऊजींनी फोन केल्यावर ताई दुकानातून घरी आली, आईचा घोटा पाहून झाला, मग तो तसाच चालत विहारात गेला. थोरले भन्ते खुर्चीवर होते. नियमवाले खाली चटईवर. दाराशी दोन नवे भिक्षू भांडी घासत होते. त्यातला एक अजून चीवर उलटं नेसायचा. ठोकळा त्याच्यापाठी जाऊन बसला.

“तिथे का बसलात?” थोरल्यांनी विचारलं.

त्याने सांगितलं. खुर्ची थोडी वर गेली.

“ऐकलं कुणी?” नियमवाल्यांनी विचारलं.

“आईने.”

“आणखी कोण?”

“कुणी नाही.”

“गमतीत म्हणालात?”

“नाही.”

“हे तुमच्या बाबतीत तपासायला कठीण आहे,” नियमवाले म्हणाले. “तुम्ही शेवटचं गमतीत काय म्हणाला होतात?”

ठोकळ्याने आठवून सांगितलं, “परवा मी म्हणालो होतो की या इमारतीत भूल मुरली आहे. नाही, म्हणालो नव्हतो. मनात आलं होतं.”

“ती गंमत होती?”

“मलाही नक्की माहीत नाही.”

थोरल्यांनी हात वर केला. “गंभीरपणे म्हणाले असं धरू. माणूस आई पडलेली असताना गंमत करत नाही.”

“हे करू शकतात,” नियमवाले म्हणाले. “पण धरू. आता ऐकणारं माणूस. नियम काय सांगतो? ऐकणाऱ्याला समजलं पाहिजे. वेड्यासमोर म्हटलं, लागू नाही. झोपलेल्यासमोर म्हटलं, लागू नाही. परकी भाषा बोलणाऱ्यासमोर म्हटलं, लागू नाही. तुमच्या मातोश्री...” आणि ते पहिल्यांदाच प्रश्न अर्धा सोडून थांबले.

“तिला समजलं,” ठोकळा म्हणाला. “आई म्हणाली, मग आता रात्रीचं जेवशील. भिक्षू रात्री जेवत नाही, गृहस्थ जेवतो. समजल्याशिवाय म्हणेल का?”

उलटं नेसणाऱ्याने नळ बंद केला. युक्तिवाद मजबूत होता. नियमवाल्यांच्या चेहऱ्यावर जुन्या नोकरीतली चमक येऊन गेली.

तेवढ्यात ताई जिना चढून आली, भाऊजी मागे. भावाचं भिक्षुपण वाचवायचं म्हणून ती आईजवळ शेजारणीला बसवून, दुकानात फोनवर दुपारची सुट्टी सांगून, धापा टाकत आली होती. आल्या आल्या तिने वंदन केलं आणि थोरल्यांना म्हणाली, “भन्ते, आईला काही कळत नाही हो! डॉक्टरांनीच सांगितलंय, कशातलं काही कळत नाही. हे वाक्य ती सगळ्यांना म्हणते. मीटरवाल्याला म्हणते, कुरियरवाल्याला म्हणते. यांना विचारा.”

“मलाही म्हणते,” भाऊजी म्हणाले. “मी रोज रात्री तिच्यासमोरच जेवतो.”

“मग ते लागू नाही ना?” ताईने विचारलं. “भन्तेच आहे ना हा?”

“आई माझ्याकडे बघून म्हणाली,” ठोकळा म्हणाला.

“बघते ती सगळ्यांकडेच,” भाऊजी म्हणाले.

घाईने निर्णय नको म्हणून दुसऱ्या सकाळी नियमवाले जातीने आईला भेटायला गेले. सोबत थोरले, जिना उतरवताना त्यांना दोघांनी धरलं होतं, आणि त्यांना धरायला काही हरकत नव्हती. ठोकळा टी-शर्टमध्येच होता. दुसरं काही घालायचं तर आधी तो कोण ते ठरायला हवं होतं. आई खिडकीशी बसली होती, घोट्याला पट्टी. नियमवाले नियमानुसार अंतरावर बसले.

“माई, हे कोण?” त्यांनी ठोकळ्याकडे बोट केलं.

आईने बराच वेळ पाहिलं. “लिफ्टवाला,” ती म्हणाली.

ताईने डोळे मिटले. ठोकळ्याच्या चेहऱ्यावर काही हललं असतं तर ते याच वेळी हललं असतं.

“मी लिफ्टवालाच होतो,” तो म्हणाला.

“पूर्वाश्रमी. मान्य,” नियमवाले म्हणाले. “माई, लिफ्टचं काय?”

“बंद आहे केव्हाची. याला म्हणावं, आता तरी बघ.”

घर तळमजल्याचं होतं. वर मजलाच नव्हता.

नियमवाल्यांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. “माई, काल हा तुम्हाला काय म्हणाला?”

“काल?” आई हसली, बाहेरच्या माणसाशी हसतात तसं. “आपण रात्रीचं जेवून जाणार ना?”

थोरले भन्ते म्हणाले, “बघू, माई.” आणि मग तिथेच, कोचावर बसल्या बसल्या, त्यांनी निर्णय सांगितला. ऐकणाऱ्याला समजलं नाही, म्हणून सोडणं लागू नाही. ठोकळा भिक्षू होता, भिक्षू आहे, मधल्या वेळेतही होता. ज्येष्ठता कायम. राहिला प्रश्न आईला उचललं त्याचा. भिक्षू असताना मायेपोटी आईला स्पर्श, हा दोष. पण अगदी लहान, एका भिक्षूपुढे कबूल केला की मिटला.

“सुटले बाई,” ताई म्हणाली.

“कपडे परत द्या माझे,” भाऊजी म्हणाले. “भन्ते,” त्यांनी पुढे जोडलं, आणि जड मनाने वाकले.

ठोकळा जागचा उठला नाही. “मला हे मान्य नाही,” तो म्हणाला.

थोरल्यांना वाटलं, याला खरंच गृहस्थ व्हायचंय. ते मऊ आवाजात म्हणाले, “अहो, तुम्हाला सोडायचंच असेल तर अडवतं कोण? आत्ता मला सांगा. मला समजतं. एका वाक्यात मोकळे व्हाल.”

“मला सोडायचं नाही.”

“मग प्रश्नच मिटला.”

“मला सोडायचं नाही, पण मी काल सोडलं होतं. तेवढं धरा. मी शेवटी बसतो. हा चीवर उलटं नेसतो त्याच्याही मागे बसतो. त्याला वंदन करतो. पण कालचं धरा.”

थोरल्यांनी नियमवाल्यांकडे पाहिलं. नियमवाल्यांनी इतकी वर्षं दावे तपासले होते, पण स्वतःचं नुकसान मंजूर करा म्हणून अडून बसलेला दावेदार त्यांना प्रथमच भेटत होता. दोघे हळूहळू निघून गेले.

दार उघडंच होतं. भाऊजी रस्त्यावर गेले, तेव्हा ताईने पदर खोचला आणि ‘भन्ते’ बाजूला ठेवलं.

“ठोकळ्या, तुझ्या डोक्यात नेमकं काय आहे, ते एकदा सांग.”

“काही नाही.”

“काही नाही कसं? चांगलं सगळं निभावलं. पद राहिलं, मान राहिला. काय हवंय तुला?”

आई खिडकीतून गाडीकडे बघत होती.

“मी तिला काहीतरी सांगितलं आणि तिला ते समजलं,” तो म्हणाला. “मी भिक्षू राहिलो नसेन तर तिला समजलं. राहिलो असेन तर मी भिंतीशी बोललो. यापुढे ती मला काही समजून घेईल असं वाटत नाही. म्हणजे ते शेवटचं होतं. ते लागू झालं नाही, तर शेवटचं कुठलं, हे मला आठवतही नाही. त्या वेळी मी लक्ष दिलं नव्हतं.”

हे त्याने लिफ्टच्या देखभालीचा अहवाल द्यावा तसं सांगितलं. ताई खाली बसली.

“आणि माझं काय?” ती म्हणाली.

“तुझं काय?”

“सोमवारी तिने मला हाताला धरून दाराबाहेर काढलं. म्हणाली, ही बाई रोज येते आणि माझी भांडी चोरते. माझ्या मुलीला बोलवा, म्हणाली. मी म्हटलं, आई, मीच. तर म्हणाली, माझी मुलगी अशी नाही, तिला माया आहे.” ताईने चष्मा काढून पुसला, काचा घासायची सवय, बघतसुद्धा नव्हती. “मी ते सोडून दिलं. का सोडून दिलं? तिला कळत नाही म्हणून. त्याच एका गोष्टीवर मी रोज घरी येते, ठोकळ्या. आता तू त्याच आठवड्यात तिला शुद्धीवर आणून बसवणार. मग सोमवारची ती बाई कोण? तीही कळूनच म्हणाली?”

ठोकळ्याने यावर विचार केला. विचार करताना आणि न करताना तो सारखाच दिसत असल्यामुळे ताईला वाटलं, त्याने ऐकलंच नाही.

“सोमवारी नव्हतं कळत,” तो म्हणाला.

“आणि तुझ्या वेळी कळत होतं?”

“होय.”

“सोयीचं आहे.”

“होय,” तो म्हणाला.

ताई हसली. मग तिचं हसू कुठेतरी भलतीकडे वळलं, आणि तिने पदराने तोंड झाकलं. ठोकळ्याने टॉवेलचं एक टोक तिच्याकडे धरलं. तिने ते धरलं नाही. “तो आईचा आहे,” ती पदराआडून म्हणाली. “आणि तो ओला आहे.”

दुपारी त्याने वाळलेलं चीवर नेसलं आणि विहारात गेला. नियमवाले समोर बसले. कबुलीचे शब्द ठरलेले असतात, त्यात काही घालायचं नसतं.

“दोष दिसतो का?”

“दिसतो.”

“पुढे सांभाळाल?”

“सांभाळेन.”

झालं. दात दुखणारा पुढचा माणूस आत यावा एवढ्याच वेळात. नियमवाले उठले नाहीत. खाली चटईकडे बघत म्हणाले, “हलक्या होत्या का हो?”

“खूप.”

“हं,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “माझी आई जड होती. उचलायला मी तिथे नव्हतो. भावांनी सांगितलं.”

यानंतर आई बोलायची कमी झाली. मीटरवाला आला आणि कुणी काही न विचारता गेला. दारात उगाच जरा घुटमळला. आता तिला उचलायला ताईने भाऊजींना शिकवलं होतं. भाऊजी तिला खुर्चीतून पलंगावर नेताना, पाय दाबत, स्वतःलाच “हळू, हळू, आरशात बघा” असं म्हणत. ठोकळा रोज येत होता, रोज अंतरावर बसत होता. जेवणाच्या रांगेत त्याची जागा होती तिथेच होती, वरून तिसरी. पात्रात पडेल ते तो दुपारच्या आत खात होता. चव लागत नव्हती, पण तक्रार करण्याइतकी नाही.

मग एके दिवशी त्याने अर्ज लिहिला. विहारात अर्ज द्यायची पद्धत नव्हती, अर्ज घेणाराही कुणी नव्हता. लिहून झाल्यावर त्याने तो थोरल्यांच्या हातात नेऊन दिला. थोरल्यांनी तो वाचला. चेहऱ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला. वाचता वाचता त्यांचा पाय खटक्यावर पडला आणि ते सावकाश वर जात राहिले. अर्ज असा होता:

प्रति,
ज्यांना हा अधिकार असेल ते, अगर नसल्यास ज्यांच्याकडे तो पुढे येईल ते.

विषय : आई शुद्धीवर असल्याचे मानण्याबाबत.

महोदय,

अर्जदाराने बाथरूमच्या उंबऱ्यावर आईस उद्देशून एक वाक्य उच्चारले. ते वाक्य आईस समजले नाही असा निर्णय झाला असून तो अर्जदारास बंधनकारक आहे व अर्जदार त्याप्रमाणे वागत आहे. तथापि नम्र विनंती की,

सदर निर्णय कायम ठेवून, आईस ते वाक्य समजले असे मानण्यात यावे.

ही समज केवळ त्या एका वाक्यापुरती व तिने दिलेल्या उत्तरापुरती ग्राह्य धरावी. त्याच आठवड्यात, सोमवारी, आईने आपल्या मुलीस उद्देशून जे उद्गार काढले, त्या वेळी आईस काहीही समजत नव्हते असे त्याच आदेशात स्पष्ट नमूद करावे, व त्याची एक प्रत चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर, मुलीच्या हाती, दुकान उघडण्यापूर्वी पोचेल अशी पाठवावी.

या बदल्यात अर्जदार आपली संपूर्ण ज्येष्ठता परत करण्यास तयार आहे. ती अपुरी पडल्यास काय द्यावे लागेल ते कळवावे.

उत्तर शक्यतो आईच्या हयातीत मिळावे, ही विनंती.